शंभर मोजेपर्यंत

मागच्या मे महिन्यात मी माझा चेहरा भाजून घेतला. स्टोव्हवर नाही, फटाक्याने नाही. जुळे सोलापुरातल्या आमच्या घराच्या बाथरूममध्ये, आरशासमोर उभं राहून, ऑनलाइन मागवलेल्या एका बाटलीने. बाटलीवर लिहिलं होतं: ग्लायकोलिक ॲसिड, ३० टक्के. खाली बारीक अक्षरात बरंच काही होतं. ते मी वाचलं नाही.

कारण साधं होतं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आलेली मुरुमं नंतर गेली, पण गालांवर डाग आणि बारीक खड्डे ठेवून गेली. पुण्यात नोकरी लागली. मीटिंगमध्ये माझा कॅमेरा कायम बंद. 'नेटवर्क वीक आहे' हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय, की कंपनीला आमच्या भागातला टॉवर बदलावासा वाटला असेल. त्यात चुलतभावाचं लग्न आलं. आठवडाभर वर्क फ्रॉम होम घेऊन सोलापूरला आलो आणि लग्नाच्या आदल्या रात्री बाटली उघडली.

दहा मिनिटं ठेवलं. चेहऱ्याची आग होत होती. आग होतेय म्हणजे काम करतंय, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मुहूर्त बारा पस्तीसचा. बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री उन्हात वरातीपुढे तासभर नाचलो. सनस्क्रीन वगैरे काही नाही. तिसऱ्या दिवसापासून तोंडाची सालं निघायला लागली.

आज्जीने बघितलं आणि म्हणाली, "काय लावून घेतलास रे तोंडाला?"

"साल काढायचं औषध आहे, आज्जी."

"साल काढायला बटाटा हायस काय तू?"

सालं गेली. आठवडाभर चेहरा चांगलाही दिसला. मग तिसऱ्या आठवड्यात दोन्ही गालांवर करडे-काळे पट्टे उमटले. आधीच्या डागांपेक्षा गडद, आणि तळहाताएवढे. आता कॅमेरा बंद ठेवायला खरंच कारण होतं.

आमच्या धंद्यात प्रॉडक्शनवर काही कोसळलं, की नंतर 'आरसीए' लिहावा लागतो: रूट कॉज ॲनालिसिस. नेमकं काय झालं, का झालं, कोणती सूचना कोणी वाचली नाही. माझ्या चेहऱ्याचा आरसीए लिहायला बसलो आणि वाचता वाचता दोन हजार वर्षं मागे गेलो. हा लेख म्हणजे तो आरसीए.

नाव नवं, काम जुनं

आधी पील म्हणजे काय ते बघू. आपली कातडी रोज स्वतःच सालं टाकत असते. तळाशी नवी पेशी तयार होते, हळूहळू वर सरकते, मरते, वरच्या थरात चिकटून बसते आणि शेवटी गळून पडते. या फेरीला साधारण महिना लागतो, वय वाढेल तसा जास्त. केमिकल पील हीच फेरी रसायनाने पुढे ढकलतं. मोजून-मापून वरचा थर सैल करायचा किंवा जाळायचा, म्हणजे खालून नवा थर येतो. जखम मुद्दाम करायची, पण आपल्याला हवी तेवढीच. सगळी विद्या त्या 'तेवढीच'मध्ये आहे.

हे सुचायला प्रयोगशाळा लागली नाही. इ.स.पू. १५५० च्या सुमाराच्या इजिप्तमधल्या एबर्स पपायरसमध्ये त्वचा सुधारायचा एक लेप दिलेला आहे: अलाबास्टर दगडाची पूड, नॅट्रॉन नावाचा खार, मीठ आणि मध. आपल्याकडे आंबट ताक, साय-लिंबू, चिंचेचा कोळ तोंडाला लावणाऱ्या बायकांना कोणी रसायनशास्त्र शिकवलं नव्हतं. पण ताकात लॅक्टिक ॲसिड असतं, चिंचेत टार्टारिक, लिंबात सायट्रिक. ही तिन्ही ॲसिडं अठराव्या शतकात एकाच माणसाने वेगळी करून दाखवली: स्वीडनमधल्या कार्ल शील या औषधविक्याने. आज पीलच्या बाटल्यांवर यांतली नावं दिसतात.

दिवाळीचं उटणं मात्र यात येत नाही. वाळा, नागरमोथा, आंबेहळद, कचोरा यांची भरड अंगावर घासून मळ आणि मेलेल्या पेशी निघतात. ते घासणं आहे. पीलमध्ये काम घासण्याचं नसतं, विरघळवण्याचं असतं. आणि ताक-चिंचेतलं ॲसिड इतकं कमी, की फार तर तोंड चुरचुरेल. चुकीला जागा होती. ती जागा संपते तिथून खरा इतिहास सुरू होतो.

सुश्रुताचा क्षार

आपल्याकडे प्रत्येक शोध 'आमच्या ग्रंथांत आधीच होता' म्हणायची साथ आहे, त्यामुळे सुश्रुताचं नाव घेताना मला जरा संकोच वाटतो. पण सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला अकरावा अध्याय वाचला आणि खुर्चीत सरळ बसलो. हा अध्याय क्षाराबद्दल आहे.

कृती अशी: मोखा आणि इतर काही झाडं जाळून राख करायची, ती पाण्यात कालवून गाळायची, आटवायची, त्यात भाजलेला चुनखडक आणि शंख-शिंपल्यांची राख घालायची. आजच्या भाषेत सांगायचं तर राखेतला पोटॅश आणि चुना मिळून कॉस्टिक पोटॅश तयार होतं, म्हणजे मांस जाळणारा तीव्र अल्कली. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९०२ मध्ये काढला. त्यांच्यासारख्या कसलेल्या रसायनशास्त्रज्ञालाही या कृतीचं कौतुक वाटलं होतं.

हा क्षार कशावर लावायचा याची यादी लांब आहे. मूळव्याध, भगंदर, चामखीळ, दाद आणि त्याच यादीत 'व्यंग'. व्यंग म्हणजे आपण ज्याला वांग म्हणतो ते, गालावरचे काळपट पट्टे. म्हणजे चेहऱ्यावरचा डाग रसायनाने जाळून काढण्याचा विचार या पुस्तकात स्पष्ट आहे.

पण मला सरळ बसवलं ते यादीने नाही. सुश्रुत क्षाराचे तीन प्रकार सांगतो: मृदु, मध्यम आणि तीक्ष्ण. आजची त्वचारोगाची पुस्तकंही पीलचे तीनच प्रकार सांगतात: वरवरचं, मध्यम आणि खोल. लावल्यावर किती वेळ थांबायचं तेही सुश्रुत सांगतो. घड्याळ नव्हतं, म्हणून तोंडाने मोजायचं: साधारण शंभर मात्रा उच्चारायला लागतील तेवढा वेळ. आणि मग आंबट पदार्थ, कांजीसारखं काहीतरी लावून क्षार शमवायचा. आगीवर आंबट का लावायचं, ही शंकाही तो स्वतःच काढतो आणि उत्तर देतो: क्षाराची तीव्रता आंबटाशी मिळून मवाळ होते. आजच्या डॉक्टरकडे ॲसिड शमवायला सोड्याचं पाणी असतं. तिकडे अल्कलीवर आंबट, इकडे ॲसिडवर सोडा.

शिवाय कोणाला लावू नये याची वेगळी यादी आहे, आणि शेवटी इशारा: अर्धवट कळणाऱ्याच्या हातात क्षार म्हणजे विष, विस्तव, शस्त्र. माझ्या बाटलीवरच्या बारीक अक्षरांतही थोडक्यात हेच लिहिलं होतं. प्रमाण, वेळ, उतारा आणि हात. या चारपैकी मी एकही पाळलं नव्हतं.

डांबरातून आलेली दोन भावंडं

पुढची उडी युरोपात. १८३४ मध्ये जर्मनीत रुंगे यांनी कोळशाच्या डांबरातून एक द्रव्य वेगळं केलं. तेच पुढे कार्बोलिक ॲसिड किंवा फिनॉल म्हणून ओळखलं गेलं. १८६५ पासून ग्लासगोमध्ये जोसेफ लिस्टर जखमा निर्जंतुक करायला ते वापरू लागला. फिनॉल जंतू मारतं तसं कातडीही जाळतं, हे ते हाताळणाऱ्या डॉक्टरांना लवकरच कळलं. त्यांचे स्वतःचेच हात सोलवटत होते.

कातडी सोलवटते, हा दोष काही डॉक्टरांनी उपयोगात आणला. १८७० च्या दशकात व्हिएन्नात फर्डिनांड हेब्रा वांग आणि चेहऱ्यावरचे ठिपके काढायला तीव्र रसायनं वापरत होते. १८८२ मध्ये हॅम्बुर्गच्या पॉल गेर्सन उन्ना यांनी सॅलिसिलिक ॲसिड, रिसॉर्सिनॉल, फिनॉल आणि ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड ही चार द्रव्यं कातडीवर काय करतात याचं वर्णन केलं. दीडशे वर्षं होत आली, पण आजही त्वचारोगतज्ज्ञाच्या कपाटात यांतल्या बाटल्या असतात.

सॅलिसिलिक ॲसिड आधी विलो झाडाच्या सालीपासून मिळे. पुढे कोल्बे यांनी ते फिनॉलपासून बनवायची रीत काढली आणि ते स्वस्त झालं. त्याच काळात, १८५६ मध्ये, अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने डांबरातल्या ॲनिलिनपासून जांभळा रंग बनवला होता. मग कापडाच्या कृत्रिम रंगांची रांगच लागली. म्हणजे कापडावर रंग चढवणारं आणि कातडीवरचा डाग उतरवणारं रसायन ही एकाच डांबरातून आलेली दोन भावंडं आहेत.

सोलापूरच्या माणसाला हे वाचून आपल्या घरचं वाटतं. १८७७ मध्ये आमच्याकडे जुनी गिरणी सुरू झाली आणि हे गाव सूत, रंग आणि भोंग्यावर चालू लागलं. माझे आजोबा अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्यात रंगखात्यात होते. मी लहान असताना सुट्टीत त्यांचा डबा घेऊन जायचो. रंग चढवण्याआधी सूत पांढरं करायचं असतं. आधी कॉस्टिक सोड्यात उकळायचं, मग क्लोरीनच्या पाण्यात टाकायचं, मग हलक्या ॲसिडच्या पाण्यातून काढून धुवायचं. आजोबा हौदापाशी उभे राहून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत असायचे. मी विचारलं होतं, जास्त वेळ ठेवलं तर जास्त पांढरं होईल ना?

"होईल की. आन् हातात घेतलं तर तुटंल," ते म्हणाले. "रंग मागनं चढवता येतो. सूत कुजलं तर काय करतो?"

आजोबा आता नाहीत. बाथरूममध्ये दहा मिनिटं उभा होतो तेव्हा त्यांची आठवण आली असती तर बरं झालं असतं.

जमालगोटा आणि हॉलिवूड

विसाव्या शतकात ही कथा अमेरिकेत जाते आणि तिथे तिला वळण लागतं. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉर्ज मॅकी १९०३ पासून मुरुमांच्या खड्ड्यांवर फिनॉल वापरत होते, पण त्याबद्दल त्यांनी सविस्तर लिहिलं ते थेट १९५२ मध्ये. डॉक्टर गप्प होते तोवर दुसऱ्याच लोकांनी धंदा उभा केला. लॉस एंजेलिस आणि मायामीत डॉक्टरकीची पदवी नसलेल्या 'पीलर' बायका-माणसांची सलूनं निघाली. आंतोनेत ला गासे या फ्रेंच बाईचं नाव त्यांत पुढे असतं. तिच्या डॉक्टर वडिलांनी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या दारूने भाजलेल्या चेहऱ्यांवर फिनॉल वापरलं होतं, आणि ती कृती घेऊन ती अमेरिकेत आली, असं सांगितलं जातं. म्हातारपण पुसायला सिनेमातली माणसं गुपचूप अशा ठिकाणी जात. कृती घरोघरची गुप्त, लोणच्याच्या मसाल्यासारखी.

१९६० च्या सुरुवातीला मायामीचे दोन प्लास्टिक सर्जन, थॉमस बेकर आणि हॉवर्ड गॉर्डन, यांनी ती कृती उघड छापली: फिनॉल, पाणी, द्रवसाबणाचे काही थेंब आणि क्रोटन तेलाचे तीन थेंब. क्रोटन तेल म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, आपला जमालगोटा. जुन्या मराठी सिनेमात खलनायकाच्या दुधात घालून त्याला धावायला लावतात तो.

पुढची चाळीस वर्षं सगळे मानत राहिले, की खोल जाण्याचं काम फिनॉल करतं आणि जमालगोट्याचे थेंब नावापुरते. २००० मध्ये ग्रेगरी हेटर या डॉक्टरने एकेक घटक बदलून दाखवलं, की कातडी किती खोल जळणार हे मुख्यतः ते थेंबच ठरवतात. कॉन्फिग फाइलमधली एक ओळ, जिला सगळे कमेंट समजत होते, तीच सिस्टिम चालवत होती. दरम्यान फिनॉल रक्तात शोषलं जाऊन हृदयाचे ठोके बिघडू शकतात हेही कळलं होतं. म्हणून हे खोल पील करताना रुग्णाला ईसीजी लावून ठेवतात.

इथे पहिल्यांदा लक्षात आलं, की या इतिहासात रसायन फारसं बदलत नाही. बाटली कोणाच्या हातात आहे, ते बदलतं.

उसाचं आंबट

माझ्या बाटलीतलं ग्लायकोलिक ॲसिड या कुटुंबात धाकटं. १९७४ मध्ये फिलाडेल्फियातले यूजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू यांनी एक शोधनिबंध लिहिला. त्यांचे रुग्ण सौंदर्यासाठी आलेले नव्हते. त्यांना इक्थिऑसिस होता, म्हणजे अंगभर माशाच्या खवल्यांसारखी जाड, कोरडी कातडी. फळं, दूध आणि ऊस यांत सापडणाऱ्या अल्फा हायड्रॉक्सी ॲसिडांनी ते खवले सुटतात, असं त्यांनी दाखवलं. ही ॲसिडं कातडी जाळण्याऐवजी मेलेल्या पेशींना धरून ठेवणारा चिकटपणा सैल करतात. या गटात ग्लायकोलिकचा रेणू सगळ्यात लहान, त्यामुळे तो पटकन आत शिरतो.

म्हणून बाटल्यांवर उसाचं चित्र असतं. माझ्याही होतं. राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असणाऱ्या जिल्ह्यांत सोलापूरचं नाव असतं. हिवाळ्यात ऊसवाहू ट्रॉल्यांमागे अडकण्यात आमचं अर्धं आयुष्य गेलंय. त्यामुळे ते चित्र बघून मला वाटलं, ऊसच तर आहे, काय होणार? पण रसात हे ॲसिड अगदी थोडं असतं, आणि बाजारातलं बहुतेक ग्लायकोलिक कारखान्यात फॉर्मल्डिहाइडसारख्या रसायनांपासून बनतं. रसवंतीशी त्याचं नातं चित्रापुरतं.

दुसरी चूक आकड्याची. ३० टक्के हा आकडा बघून मी ठरवलं, की डॉक्टर ७० टक्के वापरतात, म्हणजे हे अर्ध्याहून कमी. पण ॲसिडची ताकद नुसत्या टक्क्यांत नसते, पीएचमध्येही असते. साधारण ३.८ पीएचला ग्लायकोलिकचे अर्धे रेणू मोकळे, म्हणजे कातडीत शिरायला तयार असतात. पीएच त्याखाली गेला की मोकळ्यांचं प्रमाण झपाट्याने वाढतं. त्यामुळे कमी पीएचचं ३० टक्के हे जास्त पीएचच्या ५० टक्क्यांहून जहाल असू शकतं. माझ्या बाटलीवर पीएच लिहिलेलाच नव्हता. एकक न बघता आकडा वाचणं ही इंजिनिअरला न शोभणारी चूक, पण केली.

ती एकट्या माझी नाही. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने लोकांना जाहीर इशारा दिला, की डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय तीव्र पीलच्या बाटल्या विकत घेऊ नका, वापरू नका. भाजण्याच्या तक्रारी तिथेही आल्या होत्या.

कोणाच्या कातडीवर लिहिलेलं पुस्तक?

पण भाजलं ते आठवड्यात भरलं होतं. काळे पट्टे का आले? जूनमध्ये शेवटी सोलापुरातल्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी गालावर दिवा धरला, बोटाने कातडी ताणली आणि विचारलं, "बाटलीतलं होतं की पार्लरमधलं?" मी सांगितलं. "उन्हात गेलास?" तेही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आपली कातडी रागावली की काळी पडते. मे महिन्यानंतर असे बरेच येतात माझ्याकडे."

रंग बनवणाऱ्या मेलॅनोसाइट पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळपास सारख्याच संख्येने असतात. फरक असतो तो त्या किती आणि कशा प्रतीचं मेलॅनिन बनवून वाटतात यात. आपल्याकडे त्या पेशी जास्त कामसू. दाह झाला, की आणखी जोरात कामाला लागतात. उन्हापासून वाचवणारा हाच गुण पीलमध्ये अंगावर येतो. गोऱ्या माणसाला तेवढ्याच जखमेने काही दिवस लाली येईल, मला काही महिने डाग.

आणि हे बहुतेक पुस्तक गोऱ्या कातडीवर लिहिलं गेलं. १९७५ मध्ये हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी ऊन लागल्यावर कातडी लाल होते की काळवंडते यावरून प्रकार पाडले. पहिल्या मांडणीत चारच होते, आणि ते गोऱ्यांचे. तपकिरी आणि काळ्या कातडीचे पाचवा-सहावा प्रकार नंतर जोडले गेले. बहुतेक भारतीय माणसं चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतात.

म्हणून भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना आपलं प्रकरण स्वतः लिहावं लागलं. त्यांच्या संघटनेने, आयएडीव्हीएलने, २००८ मध्ये पीलसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्याचा सारांश असा: वरवरचं पील आपल्या कातडीला चालतं. मध्यम पील जपून. खोल पील गडद कातडीवर करू नये. पीलच्या आधी दोन-चार आठवडे कातडी तयार करायची, म्हणजे सनस्क्रीन आणि रंगपेशींना शांत करणारी औषधं लावायची. नंतर उन्हापासून जपायचं. मी लग्नाच्या आदल्या रात्री केलं होतं.

खड्ड्यांचंही डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं: "डाग फिके होतील. खड्डे वरवरच्या पीलने भरत नाहीत." खड्ड्यांसाठी वेगळा मार्ग आहे. २००२ मध्ये दक्षिण कोरियाच्या डॉक्टरांनी सगळ्या चेहऱ्याऐवजी फक्त खड्ड्याच्या तळाशी, टोकदार काडीने, तीव्र ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड टेकवायची रीत सांगितली. तिथे पांढरा ठिपका उमटतो आणि पुढच्या आठवड्यांत आतून नवं कोलॅजेन तयार होऊन खड्डा उथळ होतो. हे घरी करायचं काम नाही, हे आता मला सांगावं लागत नाही.

गोरं होण्याचं वचन

डॉक्टरबाईंच्या भिंतीवर एक कागद चिकटवला होता: 'इथे गोरं केलं जात नाही.' मी हसलो. त्या म्हणाल्या, "रोज दोघं-तिघं तरी तेच मागतात."

पील रंग बदलत नाही. ज्या पेशी रंग बनवतात त्या वरच्या थराच्या तळाशी असतात, आणि नवा थर येतो तो तुमच्याच रंगाचा. पण पीलचं दुकान चालतं ते गोरेपणाच्या वचनावर, आणि ते वचन आपल्याकडे जुनं आहे. १९१९ मध्ये मुंबईत 'अफगाण स्नो' निघालं, नावातच बर्फ. १९७५ मध्ये 'फेअर अँड लव्हली' आलं, आणि २०२० मध्ये नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' झालं. या दोन्हींच्या मधे मराठी स्थळांच्या जाहिरातींतलं 'गोरी, सडपातळ' जागचं हललं नाही.

हे वचन पाळायला मग पारा वापरला जातो. पारा मेलॅनिन बनवणाऱ्या विकराला अडवतो, चेहरा उजळतो, आणि पारा कातडीतून रक्तात, रक्तातून मूत्रपिंडात जातो. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींची बातमी आली होती. तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली होती, आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या तपासात त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा सापडला. दुसरा मार्ग स्टेरॉइडच्या मलमाचा. आधी चकचकीत गोरेपणा, मग पातळ झालेली, लाल, उन्हात पेटणारी कातडी. २०१८ मध्ये सरकारने अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. दुकानात मागितलं तर मिळतात की नाही, हे तुम्हीच आठवून बघा.

हे प्रश्न पीलपेक्षा वेगळे आहेत हे मला कळतं. पण रांग एकच आहे. डाग घालवायला आलेला माणूस आणि गोरं व्हायला आलेला माणूस एकाच बाकावर बसतात. पहिल्याला औषध मिळू शकतं. दुसऱ्याला फक्त माल विकता येतो. मी स्वतःला पहिल्यात मोजत होतो. पण त्या रात्री आरशात बघताना मला नुसते डाग गेलेले हवे होते का? लग्नाच्या फोटोत भावाइतकं उजळ दिसायचं नव्हतं का मला? आरसीएमध्ये हा मुद्दा सगळ्यात शेवटी लिहिला, आणि तोच खरा रूट कॉज असावा.

शंभर

जून ते ऑक्टोबर फक्त सनस्क्रीन, एक साधं क्रीम आणि उन्हात टोपी. पट्टे हळूहळू फिके झाले. दिवाळीच्या महिनाभर आधी डॉक्टरबाईंनी माझं पहिलं खरं पील केलं, त्यांच्या हाताने, कमी ताकदीचं. डोळ्यांवर ओल्या कापसाच्या चकत्या. ब्रशचा थंड स्पर्श, मग मुंग्या. त्यांची मदतनीस मुलगी घड्याळ लावून मोठ्याने सेकंद मोजत होती. नव्वद, पंच्याण्णव, शंभर. डॉक्टरबाई दर थोड्या वेळाने वाकून कातडी बघत होत्या. एकशे वीसला "बास" म्हणाल्या आणि सोड्याचं पाणी लावलं. फेस आला, आग थांबली.

माझ्या मनात अकरावा अध्याय आणि रंगखात्यातलं भिंतीवरचं घड्याळ होतं.

घरी आलो तर आज्जी गॅसपाशी उभी होती. आज्जीच्या चेहऱ्यावर देवीचे वण आहेत. सहा वर्षांची असताना देवी आल्या, त्यात वाचली. तिच्या लग्नाचा एकच फोटो आहे घरात, त्यात तिने मान खाली घातलीय. लाजून, असं आम्ही सगळे समजत आलो. आमच्यासाठी ते वण म्हणजे आज्जीचा चेहराच. त्यांबद्दल घरात कधी कोणी बोललेलं मला आठवत नाही.

तिने माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. बराच वेळ बघितलं.

"बरं झालंय की," ती म्हणाली. मग आवाज न बदलता विचारलं, "असल्या औषधाने माझे गेले असते का रे?"

मला एकदम उत्तर देता आलं नाही. तिच्या लग्नाच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये, मायामीत कोणीतरी कोणाच्या तरी खड्ड्यांना औषध लावत होतं. सोलापुरात नव्हतं. आणि तिथे होतं तेही तिच्या कातडीला चाललं नसतं.

"नसते गेले, आज्जी. खोल असले की पीलने जात नाहीत."

"हां," ती म्हणाली. "मग असू दे. ते दूध बघ, उतू जाईल."

मी गॅस बारीक केला.